जर्मन दाजी

आमचे दाजी हिशेबाला पक्के. छत्रपती संभाजीनगरात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. खताच्या एका गोणीमागे हमाली, तूट, उधारी आणि गिऱ्हाइकाचा चहा वजा जाता हातात काय राहतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. अशा माणसानं नवी बासष्ट लाखांना मिळणारी गाडी नऊ वर्षांची झाल्यावर एकोणीस लाखांत घेतली. दुसरा कुणी म्हणाला असता, एकोणीस लाख गेले. दाजींच्या वहीत त्या दिवशी त्रेचाळीस लाख जमा झाले. तेव्हापासून गॅरेजचं कुठलंही बिल एकोणिसात मिळवायचं नसतं, त्रेचाळिसातून वजा करायचं असतं. ताईनं आवाज चढवला की दाजी शांतपणे म्हणतात, "अगं, अजून लई शिल्लक आहेत."

"मग त्या शिलकेतनं किराणा भरा," असं ताई म्हणते, आणि विषय तिथं थांबतो.

गाडी कुठल्या कंपनीची ते मी लिहीत नाही. दाजी स्वतःही कंपनीचं नाव घेत नाहीत. ते नुसतं 'जर्मन' म्हणतात. "जर्मन सावलीत घे." "जर्मनला आज विश्रांती." तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वर टर्बो, तीनशेच्या पुढे हॉर्सपॉवर. थांबल्या जागेवरून शंभरचा वेग पाच-साडेपाच सेकंदांत. दुकानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाई, हातगाड्या आणि सिटी बस धरून शंभरचा वेग फक्त अफवाच गाठते; पण दाजींना तो वेग वापरायचा नाहीये. तो आपल्याकडे आहे, एवढंच त्यांना पुरतं.

दुखणं जुनं आहे. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या (तेव्हा औरंगाबादच) मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. सगळ्यांची मिळून किंमत पासष्ट कोटींच्या घरात, कर्ज स्टेट बँकेचं. देशभर बातमी झाली. मुंबईच्या लोकांनी पहिल्यांदाच आमच्या गावाचं नाव वेरूळ-अजिंठा सोडून दुसऱ्या कारणानं घेतलं. दाजींना मात्र ही गोष्ट पेपरात वाचून कळली, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. गाडी नसल्याचं दुःख नव्हतं. यादी झाली आणि आपल्याला कुणी विचारलंदेखील नाही, हे दुःख. तेव्हा ते मारुती वापरायचे. ती कधी बंद पडली नाही, त्यामुळे तिच्याविषयी बोलण्यासारखंही काही नव्हतं.

पुढे धंदा बरा चालला आणि कुणीतरी दिल्लीचं गणित त्यांच्या कानात घातलं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई झाली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि मुदत जवळ आलेल्या भारी डिझेल गाड्या तिथले लोक मिळेल त्या भावात काढू लागले. दाजी करोल बागेत गेले ते डिझेल बघायला. आले पेट्रोल घेऊन. का, विचारलं तर म्हणाले, "डीलरनं शेजारची चालू करून दाखवली." शेजारच्या गाडीचा सायलेन्सर एकदा गुरगुरला आणि पंचवीस वर्षं मायक्रोन्यूट्रिएंटचं मार्जिन तोंडपाठ असलेला माणूस विरघळला. मग दिल्लीच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एमएच-20 ची पाटी. वजाबाकीचं पहिलं कलम गाडी घरी पोचायच्या आधीच लागलं होतं.

ह्या लोकांना (दाजी एकटे नाहीत, नाशकात, कोल्हापुरात, सोलापुरात, प्रत्येक गावात असे दोन-तीन दाजी सापडतात) एक साधी गोष्ट कळत असते पण वळत नसते. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. मालक बदलला म्हणून बासष्ट लाखांच्या गाडीचा पंप काही एकोणीस लाखांच्या गाडीचा होत नाही. आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं: "साहब, गाडी सेकंडहँड होती है, बिल नहीं होता." दाजींना वाक्य फार आवडलं. ते त्यांनी दुकानात दहा जणांना ऐकवलं. स्वतः ऐकलं असं वाटत नाही.

पहिले गेले टायर. हे रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी ऐंशीच्या वेगानं ऐंशी किलोमीटर जाणारे. त्यासाठी त्यांच्या भिंती जाड आणि कडक केलेल्या असतात. खड्ड्याचा मार टायर सोसत नाही, तो सरळ रिमला देतो, आणि रिम तडकतो. स्टेपनी नाहीच. डिकीत जिथं स्टेपनी असावी तिथं बॅटरी बसवलेली. बॅटरीची गंमत आणखी वेगळी. ती बदलली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं रीतसर कळवावं लागतं. नाहीतर तो नव्या बॅटरीलाही जुनी समजून चार्ज करत बसतो. दाजींच्या वडिलांना, आबांना, हे समजावताना मी हजर होतो. आबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला. त्यांनी हौसेनं बॉनेट उघडायला लावलं, आत काळ्या प्लास्टिकचं एक मोठं झाकण दिसलं. "इंजिन कुठाय?" झाकणाखाली. "मग ऑइलची पट्टी कुठाय?" पट्टी नाही, ऑइल किती आहे ते आत स्क्रीनवर दिसतं. आबा जरा वेळ बघत राहिले, हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "झाक."

दाजींचा स्वतःचा मात्र स्क्रीनवर भरवसा नाही. त्यांचा भरवसा पुठ्ठ्यावर. रात्री गाडी लावली की ते खाली एक मोठा पुठ्ठा सरकवतात, बियाण्याच्या खोक्याचा, आतली कोरी बाजू वर. सकाळी चहाच्या आधी तो बाहेर ओढतात आणि अंगणात उकिडवे बसून कुंडली मांडल्यासारखे त्याच्याकडे बघतात. कुठल्या घरात कोण पडलंय? पुढच्या बाजूला तपकिरी थेंब, म्हणजे ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट. निळसर डाग, बोटाला चिकट, वासाला गोडसर, म्हणजे कूलंट, हा अशुभ. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, आणि त्या दिवशी दाजी पोहे मागून घेतात. प्रत्येक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख. जुने पुठ्ठे माळ्यावर, ओळीनं लावलेले. थेंब वाढतोय की कमी होतोय हे तुलना केल्याशिवाय कसं कळणार? "पोराच्या मार्कशिटा एवढ्या जपल्या असत्या," असं ताईनं एकदा सुरू केलं होतं, पण दाजी तेव्हा जमिनीला गाल लावून गाडीखाली टॉर्च मारत होते.

त्या गॅस्केटची कथा ऐकण्यासारखी आहे. वस्तू काय, तर हाताच्या पंजावर मावेल अशी रबराची कडी. उन्हानं, इंजिनाच्या तापानं ती कडक होते आणि तेल पाझरायला लागतं. पाझरू दे की, असं तुम्हाला-मला वाटेल. पण ते तेल खालच्या पट्ट्यावर ठिबकतं, पट्टा सटकतो, फाटतो, आणि कधीकधी त्याच्या चिंध्या पुढच्या सीलमधून थेट इंजिनात ओढल्या जातात. हे सांगताना दाजी आवाज खाली आणतात आणि लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवतात. कडीची किंमत हजाराच्या आसपास. तिथवर हात पोचायला मात्र इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, म्हणून मजुरी पंधरा हजार. आणि मॅनिफोल्ड उतरलं, की उस्ताद हात पुसत पुसत ह्या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य बोलतात: "साहब, अब खोला ही है तो..."

अब खोला ही है तो व्हॉल्व्ह साफ करून घेऊ. ह्या जातीच्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचे काळे थर चढत जातात. ते काढायचा जगभर मानलेला उपाय म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा. तो हवेच्या दाबानं आत मारतात. टरफल काजळी खरवडण्याइतकं टणक असतं, पण धातूला ओरखडा काढण्याइतकं नाही. दाजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की गाडीला अक्रोड लागणार आहेत.

"किती?" ताईनं विचारलं. "दिवाळीचे आहेत डब्यात."

चार दिवसांनी बिल आलं. त्यात एक ओळ होती, वॉलनट ब्लास्टिंग, पंचवीस हजार. ताईनं चष्मा लावून ती ओळ परत वाचली. "पंचवीस हजार नुसत्या टरफलांचे? मग गर कुणी खाल्ला?"

ह्या प्रश्नाला दाजींकडे अजून उत्तर नाही. उस्तादांकडेही नव्हतं, पण त्यांनी चहा मागवला.

पंपाचा किस्सा जालना रोडवरचा. भर मे महिना, दुपारचं लग्न, ताई पैठणीत, मी मागच्या सीटवर आहेर मांडीवर घेऊन. एसी झकास चाललेला. एकाएकी स्क्रीनवर इंजिन तापल्याची खूण आली, गाडीनं ताकद आवरून घेतली आणि दाजींनी ती हळूच कडेला लिंबाखाली उभी केली. जुन्या गाड्यांचा वॉटर पंप पट्ट्यावर फिरायचा. मरायच्या आधी पंधरा दिवस कुरकुरायचा, गळायचा, निरोप घ्यायचा. हा विजेवर चालतो. काल धडधाकट असतो, आज नसतो. "लाखभर किलोमीटरला जातोच," दाजी म्हणाले, आणि त्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या गाडीला पुस्तकात लिहिलेलाच आजार झाला ह्याचं एक समाधान होतं.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. चालवणारा दाजींच्या दुकानाचा जुना गिऱ्हाईक निघाला. दोन हंगामांची उधारी होती त्याची. उधारी असलेला माणूस मदतीला जरा जास्तच तत्पर असतो. त्यानं विचारलंही नाही, दोर काढला आणि वाकून गाडीला कुठं बांधायचा ते शोधू लागला. दाजी आडवे पडले. म्हणजे खरोखरच बंपरच्या पुढे आडवे झाले. "ओढू नको! गिअरबॉक्स जाईल!" ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरवत ओढत नेलं तर आतले गिअर तेलावाचून घासतात, आणि मग पाच-सहा लाखांची बात. हे सगळं दाजींनी त्याला भर उन्हात समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग दोर गुंडाळत म्हणाला, "मंग शेठ, ही गाडी हाय का देव? हात बी लावायचा न्हाई?"

शेवटी ताई उठली. पैठणी सावरत ट्रॉलीत चढली, आहेर माझ्याकडून घेतला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "चला दादा, अक्षता पडायच्या आत पोचवा." ती वेळेत पोचली. आम्ही सपाट ट्रकची वाट बघत बसलो. तो तिन्हीसांजेला आला, गाडी अलगद वर चढवली, आणि दाजी क्लीनरच्या जागेवर बसून सबंध वाटभर मागच्या काचेतून तिच्याकडे बघत होते. पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी मिळून साठ हजार झाले. शोरूमनं पंच्याण्णव सांगितले होते. दाजींनी साठ वजा केले, आणि मग खालच्या ओळीत 'वाचले' असं लिहून पस्तीस जमा केले. हिशेबाची ही पद्धत खतात चालत नाही. मी विचारलं होतं.

ताई म्हणते, ह्यांना गाडीचं वेड नाही, दुरुस्तीचं आहे. ते अर्धंच खरं. एकदा पहाटे त्यांनी मला उठवलं आणि सावंगीवरून समृद्धी महामार्गावर नेलं. तिथं मर्यादा 120 ची. दाजी ती मोडत नाहीत. चलानाची वजाबाकी त्यांना मंजूर नाही. पण चढणीच्या वळणावरून मुख्य रस्त्याला लागताना चाळीसपासून 120 पर्यंत जायला जे काही क्षण लागतात, त्यात त्यांनी पाय पूर्ण दाबला. माझी पाठ सीटमध्ये गेली, पोटातला चहा मागे राहिला. मग 120 ला काटा टेकला, आठवा गिअर पडला, इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत पुटपुटू लागलं, आणि जालन्यापर्यंत बाकी काहीच घडलं नाही. परत फिरलो. त्या काही क्षणांसाठी माणसानं आधी टायर, मग पट्टा, मग पंप, मग अक्रोड, असं सगळं केलं होतं. मी हिशेब विचारायला तोंड उघडलं तर दाजी म्हणाले, "बोलू नको. ऐक." आवाज चांगला होता, हे मला कबूल करावं लागेल. घरी आल्यावर त्यांनी लगेच पुठ्ठा सरकवला.

आता ते ह्या विषयात असे मुरलेत, की पाहुण्याच्या घरी गेले तरी खिशातला स्कॅनर काढून त्यांच्या वॅगन-आरला जोडून बघतात. कोड नाही सापडला तर थोडे हिरमुसतात. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल कुणी म्हणालं की कंपनी म्हणते बदलायची गरज नाही, तर ते खुर्ची पुढे ओढतात. गिअरबॉक्स ज्यांनी घडवला ते झेडएफवालेच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदला म्हणतात, मग गाडीवाल्यांचं ऐकायचं की घडवणाऱ्यांचं? बियाण्याबद्दलही ते शेतकऱ्याला हेच सांगतात, की वितरकाला नको, कंपनीच्या माणसाला विचार. ह्या मुद्द्यावर त्यांच्याशी वाद नाही. तेल बदललं. फिल्टर तळाच्या प्लास्टिकच्या परातीतच घट्ट बसवलेला असतो, म्हणून परातही बदलली. पंचावन्न हजार. वजा.

गेल्या पावसाळ्यात डंपरमधून दगड उडाला आणि पुढचा उजवा दिवा फुटला. शोरूमनं एक लाख ऐंशी हजार सांगितले, एका दिव्याचे. दाजी त्या रात्री जेवले नाहीत, सकाळी मुंबई गाठली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अपघातात गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दारं, दिवे, आरसे, सीटा, जे मागाल ते. तिथं त्यांच्याच मॉडेलचा, त्याच बाजूचा दिवा पंचेचाळीस हजारांत मिळाला. तो चादरीत गुंडाळून तपोवन एक्स्प्रेसनं आणला. खिडकीची जागा दिव्याला दिली आणि स्वतः कल्याणपासून मनमाडपर्यंत उभे राहिले. तिकीट तपासनिसानं चादर उचलून पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं आणि पुढे गेला.

पण कुर्ल्यानं त्यांना दिव्याबरोबर आणखी एक गोष्ट दिली. परवा रात्री साडेदहाला फोन. आवाज दबलेला, म्हणजे ताई शेजारच्या खोलीत.

"अरे, तिथं एक आख्खी गाडी आलीये. आपलीच. तेच मॉडेल, तेच साल. मागून ठोकलेली, पण इंजिन-गिअरबॉक्सला नख लागलेलं नाही. पाच लाख म्हणतोय."

"आणि करायचंय काय तिचं?"

"पार्टसाठी! हिशेब कर. इंजिन बाराचं धर. गिअरबॉक्स सहा. दोन दिवे साडेतीन. दारं, सीटा, कॉम्प्युटर. पंचवीसच्या खाली जात नाही. पाचाला पंचवीसचा माल, म्हणजे वीस जमा. आत्ता शिल्लक आहेत चौतीस. चौतीस आणि वीस?"

"चोपन्न."

"सुरुवातीला किती होते?"

मी गप्प बसलो. तीन वर्षं खर्च करून माणूस अकरा लाखांनी श्रीमंत झाला होता, आणि त्यात चूक कुठं आहे ते मला फोनवर सापडेना.

"फक्त इथं ठेवता येणार नाही," दाजी म्हणाले. "तुझ्या ताईला एक दिसते तेवढी पुरे. तुमच्या पुण्याच्या सोसायटीत तुझं दुसरं पार्किंग रिकामंच आहे ना?"

"दाजी, तिथं नवीन फरशी टाकलीये. आमचे सेक्रेटरी तेलाचा एक थेंब खपवून घेत नाहीत."

"त्याची काळजी नको," दाजी म्हणाले. "पुठ्ठे मी पाठवतो."